शब्दवेध : ऑली

'ऑली' ही संज्ञा एका पोराच्या टोपणनावातून आली. फ्लोरिडातील ॲलन गेलफँड यास सवंगडी 'ऑली' म्हणत. 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात, वक्र भिंतीवर हात न लावता स्केटबोर्डसह अधांतरी उसळण्याची जी युक्ती त्याने साधली, तिला तेच नाव बहाल झाले. पुढे स्केटबोर्डपटू रॉडनी मलेनने ती सपाट जमिनीवर आणली: मागच्या पायाने फळीचे टोक आपटायचे आणि पुढचा पाय काचकागदासारख्या खरबरीत आवरणावरून घासत वर ओढायचा. त्या घर्षणाने बुटाची बाहेरची कड झिजून भोक पडे, आणि नव्वदीत सॅन फ्रान्सिस्कोच्या एम्बार्काडेरो चौकात वा फिलाडेल्फियाच्या लव्ह पार्कात ते भोक हीच पोरांची सनद असे; ढगळ विजारही तेथे ऐटीइतकीच मोकळ्या हालचालीसाठी. 1994 मध्ये न्यूयॉर्कच्या लाफायेट रस्त्यावर स्केटबोर्ड व कपड्यांचे 'सुप्रीम' हे दुकान उघडले, तेव्हा फळीवरूनच आत शिरता यावे म्हणून त्याचा मध्यभाग मोकळा ठेवला होता. 2017 साली त्याच 'सुप्रीम'ची मुद्रा लुई व्हितॉं या उंची फॅशनघराण्याच्या पेट्यांवर उमटली. जो पेहराव गुडघे फोडून घेणाऱ्या पोरांनी आपल्या गरजेतून घडवला, त्याच्या किमती आज त्याच वयाच्या पोरांच्या ऐपतीपलीकडे गेल्या, याची मला मनस्वी हळहळ वाटते.