नावात उरलेले लाकूड

जव्हारजवळच्या शिरपामाळावर आले की मला त्या नावाचेच नवल वाटते. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज येथे थांबले आणि जव्हारच्या विक्रमशहांनी त्यांना शिरपेच चढविला, असे परंपरा सांगते. शिरपेच गेला; नाव राहिले.

गेल्या दिवाळीत मुंबईचा भाचा गोल्फच्या काठ्या घेऊन आला. नियमाने चौदा चालतात. त्याने लोखंडी ‘आयर्न’ कमी करून बहुतेक ‘वुड’च जमविले होते. वुड म्हणजे लाकूड. मी टिचकी मारली, तो टण्णकन् आवाज! लाकूड कुठले, सारा धातू!

मग मी शोध घेतला. पूर्वी या काठ्यांचे दांडे हिकरीचे आणि डोकी पर्सिमॉन या अमेरिकी झाडाच्या चिवट लाकडाची असत. १९२९ मध्ये ब्रिटनमध्ये पोलादी दांड्यांना मान्यता मिळाली. १९७९ पासून पोलादी डोकीही विकू लागली. गंमत अशी, की पर्सिमॉन आणि विडीच्या पानांची आपली टेंभुर्णी एकाच कुळातल्या!

वर्गात मी हे सांगितले, तेव्हा टेंभरे खाणारी पोरे चकित झाली. वस्तू जाते, नाव उरते. पण त्याचा अर्थ कुणी तरी सांगत राहावे लागते. नाही तर शिरपामाळ हा नुसता माळच!