चाळीस दिवसांचा पेशवा

नारायणराव पेशव्यांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत खून झाला, तेव्हां गंगाबाई गरोदर होत्या. १८ एप्रिल १७७४ रोजीं पुरंदरावर पुत्र झाला आणि अवघ्या चाळिसाव्या दिवशीं त्यास पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. राघोबादादांनीं १७७५ सालीं सुरतेस तह करून इंग्रजांचें साह्य घेतलें. घरची भाऊबंदकी परक्यांच्या दारीं गेली. १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत बारभाईंनीं दौलत राखली, ती या मुलाच्या नांवानें.

येथें नॉर्वेच्या यादवींतील इंगे राजाची आठवण होते. ११३६ सालीं तो तान्हा असतांच राजा झाला. पुढील वर्षीं मिने येथील लढाईंत एका सरदारानें त्यास वस्त्राच्या ओच्यांत घेऊन रणांत नेलें, असें जुन्या नॉर्स बखरी सांगतात. अशा राजाचें बळ बाहूंत नसतें; मानकऱ्यांस एकत्र बांधणाऱ्या नांवांत असतें.

परंतु नांव राखणें निराळें आणि धनी घडविणें निराळें. नाना फडणिसांनीं पहिलें काम असाधारण दक्षतेनें केलें. दुसरें, आम्हांस वाटतें, राहूनच गेलें. सवाई माधवराव वाढले, पण कारभार नानांच्याच हातीं राहिला. वाड्याच्या माडीवरून पडून २७ ऑक्टोबर १७९५ रोजीं, एकवीस वर्षांचे असतां, ते निपुत्रिक वारले. ज्या राघोबांस गादीपासून दूर ठेवण्यासाठीं एवढें युद्ध झालें, त्यांचाच पुत्र बाजीराव १७९६ सालीं तिजवर बसला.