क्लिफ्टनची चाळीस लेकरे

संत योसेफाला आपण प्रभू येशूचा पालकपिता म्हणून वंदन करतो. दुसऱ्याचे लेकरू आपले मानून वाढविणे हे पुण्यकर्म होय, हे आपणांस बालपणापासून शिकविले गेले आहे. मात्र या नात्याची थोरवी आपण नेहमी पालकाच्या बाजूने गातो. परक्या उंबरठ्यावर उभ्या राहिलेल्या मुलाला काय वाटले असेल, हा प्रश्न मागेच राहतो. तो प्रश्न मनात ठेवून आम्ही वाचकांना अमेरिकेच्या इतिहासातील एका प्रकरणाकडे नेऊ इच्छितो.

न्यूयॉर्क शहरातील निराधार मुलांना आगगाडीने पश्चिमेकडील शेतकरी कुटुंबांत पाठविण्याची प्रथा चार्ल्स लोरिंग ब्रेस या प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाच्या संस्थेने १८५४ साली सुरू केली. १९२९ पर्यंत सुमारे दोन लाख मुले अशी रवाना झाली, असा अंदाज आहे. त्यांत गरीब आयरिश कॅथलिकांची मुले पुष्कळ होती व ती बहुधा प्रॉटेस्टंट घरांत जात. १८६९ साली सिस्टर आयरीन यांनी न्यूयॉर्कमध्ये फाउंडलिंग हॉस्पिटल स्थापन केले आणि दाराशी एक पाळणा ठेवला. त्या पाळण्यात बाळ ठेवून जाणाऱ्या माता बहुधा दारिद्र्याने वा लोकलज्जेने हतबल झालेल्या असत. पुढे या धर्मभगिनीही मुलांना गाडीने दूरच्या कॅथलिक कुटुंबांकडे पाठवू लागल्या. त्या त्या ठिकाणचे धर्मगुरू आधीच कुटुंबे निवडून ठेवीत.

१ ऑक्टोबर १९०४ रोजी अशीच चाळीस मुले ॲरिझोनातील क्लिफ्टन या तांब्याच्या खाणींच्या गावी उतरली. बहुतेकांची वये दोन ते सहा वर्षे. तेथील फ्रेंच धर्मगुरू फादर मांदां यांनी क्लिफ्टन व शेजारच्या मोरेन्सी येथील कॅथलिक कुटुंबे निवडली होती. ती मेक्सिकन खाणकामगारांची होती. गोऱ्या रहिवाशांना हे सहन झाले नाही. गोरी मुले मेक्सिकनांच्या घरी जातात म्हणून गाव खवळले. दुसऱ्या दिवशी रात्री, भर पावसात, सशस्त्र पुरुषांनी मेक्सिकन घरांतून मुले काढून नेली. मुलांना घेऊन आलेल्यांना व धर्मगुरूंना धमक्या मिळाल्या. अखेर एकवीस मुले न्यूयॉर्कला परतली. एकोणीस गोऱ्या कुटुंबांनीच ठेवून घेतली.

हॉस्पिटलने न्यायालयात दाद मागितली. १९०५ साली ॲरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या हिताचे कारण देऊन गोऱ्या कुटुंबांच्या बाजूने निर्णय दिला. १९०६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर अपील फेटाळले. ज्या मेक्सिकन मातांनी ही लेकरे पोटाशी धरली होती, त्या या वादात पक्षकारही नव्हत्या.

आता त्या बालकाच्या जागी क्षणभर उभे राहू या. जन्मदात्या आईचा चेहरा त्याला आठवत नाही. धर्मभगिनींचा सहवास सुटला. कित्येक दिवसांच्या प्रवासानंतर एका अनोळखी बाईने अनोळखी भाषेत त्याला जवळ घेतले, जेवू घातले, निजविले. ती ऊब ओळखीची होण्यापूर्वीच पुरुषांनी त्याला अंथरुणातून उचलून तिसऱ्याच घरी नेले. त्याच्या लेखी धर्म, वर्ण व कायदा हे शब्द निरर्थक होते. आपल्याला पुन्हा कोणीतरी उचलून नेईल, एवढेच त्याला कळले असेल.

येथे केवळ गोऱ्यांच्या वर्णद्वेषावर बोट ठेवून थांबणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. वर्णद्वेष होताच, तो पापच होता. परंतु मुलांचा श्रद्धेचा वारसा टिकावा म्हणून धडपडणाऱ्या आपल्याच लोकांनीही त्यांना एवढ्या दूर, एवढ्या घाईने नेले. प्रत्येक पक्षाला मूल हवे होते. मुलाचे मन जाणून घेण्याची गरज मात्र कोणालाच वाटली नाही.

मुलाचे म्हणणे ऐकले जावे, हे तत्त्व १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात आले व १९९२ साली भारताने तो करार स्वीकारला. आपल्या २०१५ च्या बाल न्याय अधिनियमातही मुलाला दुसऱ्या कुटुंबात सांभाळण्याची तरतूद आहे. पण कायदा दारापर्यंतच येतो. आपल्या धर्मग्रामात कोणाच्या घरी भावाचे, बहिणीचे वा सर्वस्वी परक्याचे मूल वाढत असेल, तर त्याला त्याच्या आईचे नाव मोकळेपणाने घेऊ द्यावे. त्याच्याविषयी काही ठरविण्यापूर्वी त्याला जवळ बसवून विचारावे. उपकाराची आठवण तर कधीच करून देऊ नये. क्लिफ्टनच्या लेकरांना हे मिळाले नाही. आपल्या घरातील लेकराला ते देणे आपल्या हाती आहे.