ठोकून की कोरून? रायफलच्या रिसीव्हरची गोष्ट

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा मेसेज आला. "दादा, अमेरिकन लोकांचे रायफल जोडायचे व्हिडिओ बघतो. त्यात फोर्ज्ड रिसीव्हर स्वस्त आणि बिलेट रिसीव्हर महाग असतो. मग बिलेटच भारी ना?"

आधी एक गोष्ट क्लिअर करू. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार लायसन्सशिवाय बंदूकच काय, तिचा सुटा भाग बनवणंही गुन्हा आहे. त्यामुळे हा भाग फक्त इतिहासाचा.

रिसीव्हर म्हणजे रायफलची मधली पेटी. नळी, मॅगझिन, ट्रिगर सगळं तिलाच जोडलेलं असतं. ती बनवायची कशी, हा प्रश्न मला पहिल्यांदा कळला तो पावण्यात. एमआयडीसीत माझ्या मामाचं छोटं वर्कशॉप आहे, दोन व्हीएमसी मशीन. बंदुकीशी काही संबंध नाही, पंपाचे पार्ट बनतात. मामा म्हणतो, "नांगरासाठी सुतार मुळातच वाकलेलं बाभळीचं लाकूड शोधायचा. का? रेषा तुटत नाही म्हणून. फोर्जिंग तसंच. गरम धातू डायमध्ये ठोकला की आतले रेषेही आकाराबरोबर वळतात. सॉलिडमधून कोरलं की ते कापले जातात."

म्हणजे फोर्ज्ड मजबूत, विषय संपला? नाही. खरी मेख डायमध्ये आहे. डाय बनवायला खूप पैसे आणि वेळ लागतो. तो खर्च हजारो नगांवर वाटला गेला तरच परवडतो. बिलेटला मात्र एक ठोकळा आणि एक प्रोग्रॅम पुरतो. डिझाइन बदललं? प्रोग्रॅम बदला. पण मशीन तासन्‌तास चालतं आणि बराचसा माल चिप्स होऊन जातो. बिलेट महाग का, याचं बरंचसं उत्तर हेच.

आता इतिहास बघा. १९४९ मध्ये सोव्हिएत सैन्याने एके-४७ स्वीकारली, तेव्हा रिसीव्हर दाबलेल्या पत्र्याचा होता. कारखान्यांना तो नीट जमेना, रिजेक्शन फार. मग त्यांनी स्टीलचं फोर्जिंग घेऊन ते मशीनवर कोरायला सुरुवात केली, आणि १९५५ च्या सुमारास थेट सॉलिड बारमधून. रायफल जड झाली, पोलाद वाया गेलं, पण उत्पादन थांबलं नाही. पत्र्याचं तंत्र जमल्यावर १९५९ मध्ये एकेएम आली. पुन्हा पत्रा!

तिकडे अमेरिकेत यूजीन स्टोनर यांनी १९५० च्या दशकात ॲल्युमिनियमचा रिसीव्हर वापरला. त्यातून आलेल्या एम-१६ चा रिसीव्हर ७०७५ या मिश्रधातूचा, फोर्ज केलेला. गंमत म्हणजे या जातीचा मिश्रधातू १९३६ मध्ये जपानच्या सुमितोमोने शोधला आणि तो झिरो विमानात वापरला गेला. आणखी एक गोष्ट: या रायफलमध्ये बोल्ट नळीच्या मागच्या तुकड्यातच लॉक होतो. गोळी सुटतानाचा मुख्य जोर रिसीव्हरवर येतच नाही. म्हणून इथे फोर्ज्ड-बिलेट वाद जितका रंगतो, तितका फरक पडत नाही.

आता आपल्या महाराष्ट्रात या. पुण्यात पाषाणला डीआरडीओची एआरडीई ही प्रयोगशाळा आहे. इन्सास रायफल तिथलीच, पत्र्याच्या रिसीव्हरची. २०२१ मध्ये एआरडीई आणि महूच्या इन्फंट्री स्कूलने मिळून 'अस्मी' हे मशीन पिस्तूल दाखवलं. लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांचं हे काम, चार महिन्यांत झालेलं. वरचा रिसीव्हर विमानांसाठीच्या ॲल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा, ट्रिगरचे भाग थ्रीडी प्रिंटिंगचे. चार महिन्यांत नमुना उभा करायचा तर डायची वाट बघत बसून चालत नाही. २०२४ मध्ये ऑर्डर आली ५५० नगांची, आणि ती मिळाली हैदराबादच्या लोकेश मशीन्सला, जी मुळात सीएनसी मशीन बनवणारी कंपनी.

याउलट २०२५ मध्ये सैन्यासाठी लाखो कार्बाईनची मोठी ऑर्डर निघाली, तेव्हा मोठा वाटा गेला भारत फोर्जकडे. नीळकंठराव कल्याणींनी १९६१ मध्ये सुरू केलेली ही पुण्याची कंपनी, नावातच फोर्ज.

म्हणून श्रोते मित्रा, "भारी कोणता?" हा प्रश्नच अर्धवट आहे. किती नग हवेत आणि डिझाइन पक्कं झालंय का, हे आधी विचार. कोडमध्येही आपण हेच करतो ना? प्रोटोटाइप पटकन लिहितो, पक्का झाला की वेगळ्या पद्धतीने बांधतो.

फक्त एक गोष्ट मनात राहते. दोन वर्षांपूर्वी मामाने एका कंपनीला एका पार्टचे २० नमुने सॉलिडमधून काढून दिले. चार वेळा ड्रॉइंग बदललं, चारही वेळा रात्री जागून प्रोग्रॅम बदलला. पार्ट पास झाला, आणि मोठी ऑर्डर फोर्जिंगवाल्याकडे गेली. हिशोबाने बरोबरच होतं. मामाही तेच म्हणाला. पण एक नमुना अजून त्याच्या टेबलावर आहे, पेपरवेट म्हणून.

आता नमुन्यांचा रेट तो वेगळा लावतो. भेटू पुढच्या भागात!