दूरध्वनीचे भय : एक ऐतिहासिक टिपण

दूरध्वनीवर बोलताना अनेकांना वाटणारे भय म्हणजे मनाचा दुबळेपणा, असे मानण्याचा प्रघात आहे. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना १८७६ साली या यंत्राचे पेटंट मिळाले. जानेवारी १८७८ मध्ये अमेरिकेतील न्यू हेवन येथे व्यापारी तत्त्वावरील दूरध्वनी केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निघालेल्या तेथील ग्राहकसूचीत संभाषणाचे नियमही छापलेले होते : आरंभ कोणत्या शब्दाने करावा, समाप्ती कशी कळवावी आणि तीन मिनिटांहून अधिक काळ तार अडवू नये. समोर चेहरा नसला की नजर, स्मित व हातवारे यांचा आधार सुटतो. केव्हा बोलावे आणि केव्हा थांबावे, हेच उमगत नाही. हे नियम मुख्यतः केंद्राच्या सोयीसाठी असले, तरी ही उणीव त्यांनी काही अंशी भरून काढली, असे म्हणणे सयुक्तिक ठरेल.

परंतु शिष्टाचाराने सर्वच भय निवारते असे नव्हे. इंग्रज कवी रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १९२९ च्या आत्मचरित्रात नमूद केले आहे की, पहिल्या महायुद्धाच्या काळात दूरध्वनीवर बोलत असता तारेवर वीज पडून त्यांना जबर धक्का बसला, आणि पुढे सुमारे बारा वर्षे त्यांना ते यंत्र नीट वापरता आले नाही. येथे भयाचे मूळ अनुभवात होते, स्वभावात नव्हे.

रीत ठाऊक नसल्याने येणारा संकोच ठरलेल्या शब्दांनी ओसरतो. आघातातून उपजलेले भय दीर्घ काळ मागते. दोहोंस भित्रेपणा हे एकच नाव देणारा अभ्यासक पुराव्यावर अन्याय करतो आणि माणसावरही.