शेगडीच्या तारेचा प्रवास

विजेच्या शेगडीची स्प्रिंग तुटली की घरोघरी एक ठरलेला उपाय होत असे. तुटलेली टोके एकमेकांत अडकवायची आणि शेगडी पुन्हा लावायची. काही दिवस ती जरा जास्तच तापे आणि मग त्याच सांध्यापाशी तुटे. असे का होते, हे ओहमचा नियम शिकलेला विद्यार्थी सांगू शकेल. पण ही तार आली कुठून?

वाहकातून वीज वाहताना किती उष्णता निर्माण होते, याचा नियम जेम्स ज्यूल यांनी १८४० च्या सुमारास शोधला. तरी विजेची शेगडी घरात यायला पुढे साठ-सत्तर वर्षे लागली. अडचण तारेची होती. लोखंड लालबुंद झाले की त्याचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होतो, पापुद्रे सुटतात, तार झिजते. प्लॅटिनम टिकते, पण प्लॅटिनमची शेगडी परवडणार कोणाला? अमेरिकेतील धातुतज्ज्ञ अल्बर्ट मार्श यांना १९०६ मध्ये निकेल व क्रोमियमच्या संमिश्राचे पेटंट मिळाले. हेच निक्रोम. साधारण ८० भाग निकेल, २० भाग क्रोमियम. गंमत अशी, की निक्रोमचेही ऑक्सिडीकरण होतेच! मात्र क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर तारेला घट्ट चिकटून बसतो आणि ऑक्सिजनला आत शिरू देत नाही. शिवाय निक्रोमचा विशिष्ट रोध तांब्याच्या साठपटीहून अधिक आहे.

पुढे स्वीडनमध्ये हान्स फॉन कांट्झो यांनी महागडे निकेल वगळून लोह, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमचे संमिश्र बनवले. इथे राखण करतो ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर. कांट्झो आणि हाल्स्टाहामर हे त्यांचे गाव, यांवरून नाव पडले कांथल.

भट्ट्यांसाठी जन्मलेली ही तार एकविसाव्या शतकात भलत्याच ठिकाणी पोहोचली. चीनमधील औषधतज्ज्ञ होन लिक यांनी २००३ मध्ये जी इलेक्ट्रॉनिक सिगारेट योजली, तिच्यात द्रवाचे तुषार करायला ध्वन्यातीत कंपने होती. नंतर मात्र साधे वेटोळेच सोयीचे ठरले. कापसाच्या वातीतले निकोटिनयुक्त द्रव तापलेल्या तारेवर उकळते. वात करपली की वेटोळे बदलावे लागते, म्हणून २०१० नंतरच्या वर्षांत अमेरिका-युरोपातील हौशी मंडळी कांथलची तार आणून घरीच वेटोळी गुंडाळू लागली.

आता थोडे गणित करू. ०.३२ मिलिमीटर जाडीची, सुमारे ७ सेंटिमीटर तार घेतली, तर रोध भरतो जवळजवळ १.३ ओहम. पूर्ण भारित लिथियम घटाचे ४.२ व्होल्ट त्याला लावले, तर धारा ३ अँपिअरच्या थोडी वर आणि शक्ती साडेतेरा वॅट. अधिक वाफ हवी म्हणून कोणी जाड, आखूड तारेने रोध ०.२ ओहमवर आणला, तर धारा २१ अँपिअर! अनेक घटांना ती पेलत नाही. घट तापतो, फुटतो, पेटही घेतो. आपल्या शेगडीचेही तेच. तार दशांशाने आखूड झाली की शक्ती सुमारे ११ टक्के वाढते. फरक एवढाच, की घरात फ्यूज असतो. यांतील काही साध्या साधनांत घट आणि वेटोळे यांच्यामध्ये कळीखेरीज काहीच नसते.

वात कोरडी पडली तर आणखी एक घोटाळा. द्रव उकळत असेतो तापमान आटोक्यात राहते. ते संपले की तार भराभर तापते आणि उरलेल्या ग्लिसरीनचे विघटन होऊन ॲक्रोलीन हा झोंबरा, विषारी पदार्थ तयार होतो. ऑक्साइडचा थर इथे तारेला वाचवतो, ओढणाऱ्याच्या फुप्फुसांना नव्हे.

भारतात २०१९ च्या कायद्याने अशा सिगारेटींचे उत्पादन, आयात, विक्री व जाहिरात यांवर बंदी आहे. कांथलची तार मात्र भट्ट्यांसाठी खुशाल मिळते, आणि तिचा एक तुकडा मीटरपट्टी व ओहममापकासह वर्गात नेता येतो.