पितळी स्टोव्ह आणि चामड्याचा वायसर

१/७
जुन्या प्रवासी स्टोव्हचा जाणता संग्राहक नवी वस्तू हाती येताच आधी पंपाचा दांडा ओढून टोकाचा चामड्याचा वायसर पाहतो. पितळेची लकाकी नंतर. अशाच एका चामडी चकतीचा संबंध दक्षिण ध्रुवावरील शोकांतिकेशी आहे. हा थ्रेड त्याविषयी.

२/७
१८९२ च्या सुमारास स्टॉकहोममध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी वातीविना जळणारा रॉकेलचा स्टोव्ह सिद्ध केला. तोच ‘प्रायमस’. पंपाने टाकीत हवेचा दाब वाढतो, रॉकेल तापलेल्या बर्नरमध्ये चढून त्याची वाफ होते आणि ती बारीक छिद्रातून निघून निळ्या ज्योतीने, काजळीविना जळते. वायसर वाळला की दाब नाही, आणि दाब नाही तर ज्योतही नाही.

३/७
नान्सेन यांनी १८९३ च्या उत्तर ध्रुव मोहिमेत प्रायमस नेला. बर्फाच्या प्रदेशात तो केवळ चूल नव्हता. तेथे सर्वत्र पाणीच, परंतु गोठलेले; रॉकेल संपले की तहानही भागत नाही.

४/७
१९११-१२ मध्ये आमुंडसेन आणि स्कॉट या दोघांच्याही पथकांकडे प्रायमस होते. फरक पडला तो रॉकेलच्या डब्यांत. आमुंडसेन यांनी डब्यांना डाख देऊन ते पक्के बंद केले. स्कॉट यांच्या डब्यांच्या बुचांना चामड्याचे वायसर होते.

५/७
परतीच्या वाटेवर स्कॉट यांना साठ्यांतील रॉकेल अपेक्षेपेक्षा कमी आढळले. थंडीने वायसर निकामी होऊन तेल उडून गेले, असे सामान्यतः मानले जाते. उपासमार, आजार आणि असाधारण थंडी ही कारणे होतीच; त्यांत ही भर पडली. ध्रुवावर पोहोचलेल्या पाचांपैकी कोणीही परतले नाही. अखेरचा तंबू मोठ्या साठ्यापासून अवघ्या ११ मैलांवर होता.

६/७
प्रायमसच्या टाकीवर १९११ पासून वर्षदर्शक अक्षर उमटवले जाऊ लागले. ‘ए’ म्हणजे १९११. अतिरेकी घासकामाने हे अक्षर झिजले, तर स्टोव्ह चकाकतो, पण त्याचा काळ मुका होतो. वायसर मात्र निःसंकोच बदलावा, तेलात भिजवून बसवावा. तो झिजण्यासाठीच असतो.

७/७
आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातील पंपाचा स्टोव्ह, त्याची पिन आणि स्पिरिटचा काकडा हा याच कुळाचा वारसा. माळ्यावर तो असेल, तर मोडीत घालण्यापूर्वी तळाशी आणि टाकीवर काय कोरले आहे, ते एकदा वाचा. मोठ्या मोहिमांचा इतिहास कधी कधी तेलात भिजवलेल्या चकतीवर तोललेला असतो.